मार्केट राहतं कुठं?

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभा निवडणुकीच्या धामधुमीत, अब्बांबरोबर सोयाबीन विकायला गेलो होतो. वाशीम जिल्ह्यातलीच एक बाजार समिती. नाव घेत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही आवारात रोज घडतं. माल अठरा क्विंटल. हर्रास आमच्या ढिगापाशी आली तेव्हा खरेदीदाराने मूठभर दाणे उचलले, तळहातावर घोळवले, एक दाताखाली दाबला आणि ओलावा जास्त आहे म्हणाला. मीटर कुणी काढलं नाही. बोली ३,९०० वर थांबली. त्या हंगामाचा सरकारी हमीभाव होता ४,८९२. अब्बांनी अडत्याकडे पाहिलं. तो आपुलकीनेच म्हणाला, "चाचा, भाव माझ्या हातात नाही, त्याच्याही हातात नाही. मार्केट ठरवते."

परतीच्या वाटेवर अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेटा, ये मार्केट रहता कहाँ है? एक बार मिलना था उससे."

मी हसलो. मी अर्थशास्त्र शिकवतो. मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा फळ्यावर शेकडो वेळा काढल्या आहेत. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नव्हतं हे मला गाडीतच कळलं. त्यानंतर वर्षभर जे वाचलं, त्यातून हे लिहितो आहे. उत्तराचा निम्मा भाग आपल्याच जिल्ह्यात, कारंजात सापडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

अडत्याच्या तोंडचं वाक्य त्याचं नाही. ते अडीचशे वर्षं जुनं आहे. ॲडम स्मिथचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' १७७६ साली आला. त्यानंतर माल्थस, रिकार्डो आणि जॉन स्टुअर्ट मिल. या घराण्याला आपण 'अभिजात अर्थशास्त्र' म्हणतो. काही क्रमिक पुस्तकं 'सनातनपंथी' म्हणतात, आणि दरवर्षी वर्गातला एखादा पोरगा विचारतो, "सर, हे लोक धार्मिक होते का?" नव्हते. पण त्यांच्या शिष्यांनी त्यांच्या पुस्तकांना जवळजवळ धर्मग्रंथ केलं, एवढं खरं.

मूळ माणसं मोठी होती, हे आधी सांगायला हवं. स्मिथ नीतिशास्त्राचा प्राध्यापक. व्यापारी एकत्र जमले की त्यांचं बोलणं ग्राहकाविरुद्धच्या कटावर येतं, हे त्यानेच लिहिलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर त्याने कडक टीका केली. रिकार्डोने १८१७ साली सरळ विचारलं की जमिनीतून निघालेलं उत्पन्न जमीनमालक, भांडवलवाला आणि मजूर यांच्यात वाटलं कसं जातं. कुणाला किती मिळतं, हा या साऱ्या विचाराचा कणा होता. अब्बांचा प्रश्नही तोच आहे. मिलचं पुस्तक १८४८ साली आलं. मूल्याच्या नियमांत आता शोधायचं काही उरलेलं नाही, असं त्याने त्यात लिहून टाकलं. शिखर म्हणावं तर ते हेच. ज्या शास्त्राला आपलं काम संपलं असं वाटू लागतं, त्याच्या उताराची वाट तिथूनच फुटते.

हा विचार आपल्या दारात आला तो पुस्तकातून नाही, साहेबाच्या डोक्यातून. हिंदुस्थानात पाठवायच्या कंपनीच्या नोकरांना इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात शिकवलं जाई, आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. मिल स्वतः १८२३ ते १८५८ कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला. हेलीबरीत शिकलेला प्रिंगल नावाचा अधिकारी १८२० च्या दशकात पुणे भागात जमिनीची मोजणी करायला बसला. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याला तोंडपाठ. शेताचं एकूण पीक धरायचं, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल त्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचे. कागदावर इतकं स्वच्छ गणित क्वचितच कुणी मांडलं असेल. प्रत्यक्षात खर्चाचे आकडे खोटे निघाले, सारा डोईजड झाला, लोक जमिनी टाकून गेले. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरापासून सगळं नव्याने मांडावं लागलं. पुढे वऱ्हाडाची मोजणी झाली ती या सुधारलेल्या पद्धतीने.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. आठव्या शतकात बगदादमध्ये खलिफा हारून रशीदने काझी अबू यूसुफ यांना हाच प्रश्न विचारला होता: शेतकऱ्याकडून सारा घ्यावा कसा? त्यांनी 'किताबुल खराज' लिहून उत्तर दिलं. ठरावीक रकमेऐवजी पिकाचा वाटा घ्या. पीक बुडालं तर सरकारचंही बुडू द्या. अबू यूसुफांकडे प्रिंगलसारखं नेमकं सूत्र नव्हतं. पण पीक बुडतं हे त्यांच्या हिशोबात होतं.

सूत्राची खरी परीक्षा दुष्काळात झाली. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, टंचाईचा दुष्काळ होतो तो सरकारच्या ढवळाढवळीमुळे, असं स्मिथने युरोपातलं पाहून लिहिलं होतं. १८६६ साली ओरिसात लोक मरत होते आणि अधिकारी बाहेरून तांदूळ आणायला तयार नव्हते, कारण शास्त्राला ते मंजूर नव्हतं. सुमारे दहा लाख माणसं गेली. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला आणि माणसं वाचवली. शाबासकी मिळाली नाही. उधळ्या म्हणून त्याच्यावर टीका झाली. मग १८७७ साली दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळात त्याच टेंपलने काटकसरीचा असा धडा घालून दिला की खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्धा किलोही नाही, आणि वर किरकोळ पैसे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. गहू मात्र बंदरातून विलायतेला जातच होता. टेंपल वाईट माणूस होता का? तीन वर्षांपूर्वी त्यानेच माणसं वाचवली होती. मला तो भित्रा वाटतो. सिद्धांताला नव्हे, सिद्धांताच्या नावाने रागावणाऱ्या वरिष्ठांना भिणारा. अशी माणसं आजही प्रत्येक कचेरीत असतात.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येतो. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या नावाने चाले. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळले. मँचेस्टर म्हणजे मुक्त व्यापाराची राजधानी. सरकारने बाजारात बोट घालू नये, हा उपदेश जगाला देणारं शहर. त्याच शहरातल्या गिरणीवाल्यांनी सरकारकडे काय काय मागितलं ते पाहा. रस्ते करा. रेल्वे करा. आणि रेल्वे झाली ती कशी? भांडवल घालणाऱ्यांना पाच टक्के परताव्याची सरकारी हमी देऊन. तोटा झाला तर हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा. म्हणजे हमीभाव होताच! फक्त तो लंडनच्या भागधारकाला होता, दाणा पिकवणाऱ्याला नव्हता. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली.

मग गिरणीवाल्यांची दुसरी तक्रार सुरू झाली. इथला कापूस घाण येतो. त्यात सरकी असते, पाला असतो, वजन वाढवायला पाणी मारलेलं असतं. सिद्धांताप्रमाणे यावर उपाय सोपा होता. वाईट मालाला कमी भाव द्यायचा, बाजार आपोआप सुधारतो. मँचेस्टरला तेवढा धीर नव्हता. १८६३ मध्येच मुंबई इलाख्यात कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा झाला. आणि १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. कुठे? कारंजात. होय, आपल्या कारंजा लाडात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा एकदा तपासून पाहिलं. शेतमाल बाजाराच्या इतिहासाची जवळजवळ सगळी पुस्तकं याच वाक्याने सुरू होतात, आणि मी स्वतः वर्गात ते कधी सांगितलेलं नव्हतं. 'बाजाराला त्याचं काम करू द्या' हे तत्त्व ज्यांनी जगाला शिकवलं, त्यांनीच ते वाशीम जिल्ह्यातल्या एका गावात बाजूला ठेवलं, कारण त्यांना स्वच्छ कापूस वाजवी दरात हवा होता. ओरिसात लोक मरत होते तेव्हा न मोडलेला नियम सरकीच्या कचऱ्यासाठी मोडला.

१८९७ साली वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा आला. आजच्या सगळ्या बाजार समित्यांचा तो खापरपणजोबा. त्यात बाजाराच्या कारभारासाठी पाच जणांची समिती होती. दोन नगरपालिकेच्या बाजूचे, बाकीचे कापसाचे व्यापारी. पिकवणाऱ्याला खुर्ची नाही. आणि हा कायदा झाला ते वर्षच दुष्काळाचं. दोन वर्षांनी १८९९-१९०० चा त्याहून मोठा दुष्काळ आला. जिथे ज्वारी होत होती तिथे कापूस आला होता, आणि कापूस खाता येत नाही. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या २८ लाख ९७ हजारांच्या घरात होती, १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजार भरली. वाढायला हवी होती तिथे दीड लाखाच्या आसपास घटली. बाजार मात्र नियमाने चालत होता.

अब्बांना मार्केट कुठे राहतं ते सांगायचं तर मी आधी त्या पाच खुर्च्या दाखवीन.

पुस्तकातला उतार याच काळात चालू होता. १८६९ साली मिलने स्वतःचाच मजुरीचा सिद्धांत मागे घेतला. 'काही उरलं नाही' म्हणणाऱ्या माणसाने हे करावं, याचं मला कौतुक वाटतं. १८७१ साली इंग्लंडात जेव्हन्सने आणि ऑस्ट्रियात मेंगरने मूल्याचा पायाच बदलला. वस्तूची किंमत तिच्यात गेलेल्या श्रमावर नाही, घेणाऱ्याला तिच्या शेवटच्या नगाचा किती उपयोग वाटतो यावर ठरते, असं नवं शास्त्र सांगू लागलं. गणित वाढलं, नेमकेपणा वाढला. पण कुणाच्या वाट्याला किती, हा जुना प्रश्न मागच्या बाकावर गेला. ही माझ्या मते खरी हानी. अभिजात विचाराचं जे चुकीचं होतं, म्हणजे नियम सगळीकडे सारखे लागू पडतात हा विश्वास, तो लोकांच्या जिभेवर टिकला. आणि जे खरं होतं, म्हणजे वाटणीचा प्रश्न, ते गळून पडलं.

आपल्याकडे हे नेमकं ओळखलं ते न्यायमूर्ती रानडे यांनी. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: इंग्लंडातलं हे शास्त्र एक माणूस गृहीत धरतं, जो एकटा आहे, सुटा आहे, फायदा दिसेल तिकडे उठून जाऊ शकतो आणि ज्याला कराराचं स्वातंत्र्य आहे. आपल्याकडचा माणूस जातीत आहे, कुटुंबात आहे, कर्जात आहे. त्याला उठून जाता येत नाही. मग जे तिथे नियम ठरले ते इथे नियम कसे ठरतील? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे बोलणं आहे. अब्बा तरी त्या दिवशी अठरा क्विंटल माल परत भरून नेऊ शकत होते का? गाडीभाडं दिलेलं, उधारीवाले दारात, हरभऱ्याचं बियाणं आणायचं. खरेदीदार थांबू शकत होता. आम्ही थांबू शकत नव्हतो. भाव तिथेच ठरला होता, दाणा दाताखाली दाबायच्या आधी.

आता थोडं घरचं. आपल्या समाजात अर्थशास्त्राचा विषय निघाला की कुणीतरी इब्न खल्दूनचं नाव घेतोच. व्हॉट्सॲपवर तर दर महिन्याला येतं: स्मिथच्या चारशे वर्षं आधी इब्न खल्दूनने सगळं सांगितलं, अमेरिकेच्या रेगनलाही त्याचं नाव घ्यावं लागलं. दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. इब्न खल्दूनने १३७७ साली 'मुकद्दिमा'त श्रम, कर आणि राज्याचा उदयास्त यांवर जे लिहिलं ते आजही थक्क करतं. रेगनने १९८१ साली त्याचा हवाला दिला होता, पण तो श्रीमंतांचे कर कमी करण्यासाठी. त्याच इब्न खल्दूनने सुलतानाने स्वतः व्यापारात उतरून रयतेला नागवू नये असंही लिहिलंय, ते कुणी पुढे पाठवत नाही. 'आमच्यात आधी होतं' एवढं म्हणून आपण थांबतो. कैरोत बाजाराची देखरेख केलेला अल-मकरीझी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला महागाईची कारणं शोधत होता. पैसे चारून मिळवलेल्या नेमणुका, जमिनीचा चढता खंड, तांब्याच्या नाण्यांचा सुळसुळाट. डोळे उघडे ठेवून लिहिलेलं पुस्तक. त्यानंतर आपल्याकडेही पाहणं कमी झालं आणि पाठांतर वाढलं. उतार फक्त मँचेस्टरच्या शास्त्राला लागला नाही.

आणि पाठांतरही अर्धवट. मदिनेत एकदा भाव चढले. लोकांनी पैगंबरांना (स.) भाव बांधून द्यायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. भाव अल्लाहच्या हाती आहेत, आणि कुणावरही अन्याय केल्याचा दावा माझ्यावर नसावा, अशा आशयाचं उत्तर दिलं. ही हदीस मी व्यापारी मित्रांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. बरोबर सांगतात. पण त्याच पैगंबरांनी (स.) माल दडवून ठेवायला मनाई केली. आणि गावाबाहेर जाऊन, बाजारभाव कळायच्या आत, येणाऱ्या काफिल्याकडून माल घ्यायलाही मनाई केली. कुणी तसा घेतलाच, तर विकणाऱ्याला बाजारात पोचून भाव कळल्यावर सौदा मोडायचा हक्क दिला. आपल्याकडे याला खेडा खरेदी म्हणतात. गाडी थेट खळ्यावर येते, काटा व्यापाऱ्याचा, भाव व्यापाऱ्याचा. ही हदीस कुणा दुकानात मी ऐकलेली नाही.

दोन्ही एकत्र वाचल्या की अर्थ लागतो. भावाला हात लावू नका, पण भाव ज्या जमिनीवर ठरतो ती सपाट ठेवा. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांनी हे उघड करून सांगितलं. टंचाईमुळे भाव चढला तर तो बांधणं हा अन्याय. पण विकणाऱ्यांनी किंवा घेणाऱ्यांनी संगनमत केलं असेल तर भाव बांधणं हाच न्याय. स्मिथने व्यापाऱ्यांच्या कटाबद्दल लिहिलेल्या वाक्यापासून हे फार दूर नाही. दूर गेले ते दोघांचे वारसदार.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. विदर्भाने सरकारचा हातही पाहिला आहे. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. राज्याबाहेर कापूस नेणं गुन्हा, शेजारी जास्त भाव असला तरी. चुकारा कधी मिळेल ते अल्लाह जाणे. शरद जोशी तेव्हा शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्या म्हणत होते आणि हजारो लोक ऐकायला जमत होते. ते लोक वेडे नव्हते. सरकार एकटं खरेदीदार झालं की तेही व्यापाऱ्यासारखंच वागतं. म्हणून २०२० चे शेती कायदे आले तेव्हा मी पहिल्या दिवशी विरोधात नव्हतो. बाजार समितीबाहेर विकता येईल, यात वाईट काय, असं मला वाटलं. नंतर लक्षात आलं की त्यात बाहेरच्या सौद्यावर देखरेख जवळजवळ नव्हती. म्हणजे खेडा खरेदीला राजमान्यता. पुढच्या वर्षी ते कायदे मागे घेतले गेले आणि आपण सगळे आहे त्याच बाजार समितीत परत आलो. तीही काही पवित्र जागा नाही. आता शेतकऱ्यांचे प्रतिनिधी संचालक म्हणून निवडून येतात हे खरं. त्यातल्या किती जणांच्या घरी अडत आहे ते आपापल्या तालुक्यात पाहा.

सरकार हवं की बाजार, हा वाद मला म्हणूनच पोकळ वाटतो. कारंजात १८८६ साली दोन्ही होते. सरकारही होतं, बाजारही होता, नियमही होते. प्रश्न एवढाच की ओलाव्याचा नियम कुणाच्या सोयीचा आणि मोजमाप कुणाच्या हातात. सरकारी हमीभाव केंद्रावर बारा टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या नोव्हेंबरात ती पंधरापर्यंत सैल केली, तोवर आमच्यासारख्या अनेकांचा माल गेलेला होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्याचं पाणी मारलेल्या कापसाबद्दलचं रडणं सरकारने ऐकलं आणि बाजार बसवला. अब्बांच्या सोयाबीनचा ओलावा एका दाताने ठरला.

२०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८. अब्बांनी केंद्रावर नोंदणी करून ठेवली आहे. माल गच्चीवर पसरला आहे, दुपारी फिरवतात, संध्याकाळी ताडपत्री टाकतात. परवा मी अकोल्याहून ओलावा मोजायचं छोटं मीटर आणलं. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यातले दाणे घालून पाहिला. अकरा पूर्णांक आठ. मग दोन दाणे तोंडात टाकून चावले आणि म्हणाले, "मशीन ठीक बोलता."